बेसमेंटमधली रिपेंट भिंत: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार, एडिसन, न्यू जर्सी

सुट्ट्या संपायच्या आत सुरुवात झाली हेच खूप. डाव्या भिंतीवरचं सगळं खाली उतरवलंय, पाय ठेवायला जागा नाही, बायको वॉशिंग मशीनपर्यंत उड्या मारत जातेय आणि जाताना माझ्याकडे बघतेय. आत्तापर्यंत सगळे ट्रान्सफॉर्मर्स, म्हणजे गाडीचे किंवा विमानाचे रोबो होणारी खेळणी, दुकानाप्रमाणे लावले होते. वॉलमार्टचा एक कप्पा, टार्गेटचा एक, टॉईज आर असचा एक, आणि जपानवाले सगळ्यात वर, कारण ते महागाचे आणि तिथे पोरांचा हात पोचत नाही. घरी कोणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला, अरे हा एकच रोबो पाच वेळा का घेतलास? आणि खरं सांगू का, त्या मांडणीत याचं उत्तर दिसतच नव्हतं, कारण पाच भाऊ पाच कप्प्यांत विखुरलेले.

म्हणून आता एक मोल्ड, म्हणजे एक साचा, एक ओळ. मूळ खेळणं डाव्या टोकाला, मग त्याचे रिपेंट, म्हणजे त्याच साच्यातून वेगळ्या रंगात काढलेले भाऊ, जसे निघाले तसे उजवीकडे. खाली छोटं लेबल, त्यावर नाव, वर्ष, कुठल्या दुकानासाठी निघालं, आणि नुसता रंग बदलला की डोकं-बिकं पण नवीन. ज्याला ओळीत उभं राहायचं कारण सापडणार नाही ते विकायच्या खोक्यात. हे शेवटचं कलम बायकोने घालायला लावलंय असं नाही, पण ते ऐकून तिचा चेहरा खुलला हे खरं.

१२ जानेवारी, रविवार

पहिली ओळ अर्थातच जेटची. रिपेंट म्हटलं की लोक म्हणतात हॅस्ब्रो, म्हणजे ही खेळणी काढणारी अमेरिकन कंपनी, आळशी झालीये, आधी असं नव्हतं. कसलं आधी? १९८४ मध्ये ट्रान्सफॉर्मर्स दुकानात आले तेव्हा पहिल्याच वर्षी स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवार्प हे तिघं एकाच एफ-१५ च्या मोल्डमधून काढलेले होते. राखाडी-लाल, निळा, काळा-जांभळा. पुढच्या वर्षी पंख आणि नाक बदलून रॅमजेट, डर्ज, थ्रस्ट. आयर्नहाइड आणि रॅचेट एकच व्हॅन, एक लाल आणि एक पांढरी ॲम्ब्युलन्स. साइडस्वाइपची लाल लॅम्बोर्गिनी पुढच्या वर्षी पांढरी होऊन रेड अलर्ट झाली. आणि हे मोल्ड सुद्धा हॅस्ब्रोचे नव्हतेच, जपानच्या ताकाराने डायक्लोन आणि मायक्रोमॅन नावाने आधी विकलेली खेळणी अमेरिकेत आणून त्यांना नावं आणि स्वभाव दिले. म्हणजे ही लाइन जन्मली तीच रिपेंटमधून.

मला यातली खरी गंमत वाटते ती अशी की स्कायवार्प हातात घेतला तर त्यात स्टारस्क्रीमपेक्षा एक स्क्रू जास्त नाही, तरी तो वेगळा माणूस वाटतो. एक कावेबाज, दुसरा दांडगट. हे काम फक्त रंग आणि बॉक्सच्या मागची चार वाक्यं करतात. ज्या रिपेंटमध्ये हे होतं तो रिपेंट, बाकीचं सगळं स्टॉक. भिंतीसाठी हाच नियम धरतोय.

या ओळीत सध्या जुन्याचे रीइश्यू, म्हणजे नंतर परत काढलेले, आहेत, ओरिजिनल नाहीत, आमचं बजेट तेवढंच.

१४ जानेवारी

संक्रांत. आईला व्हिडिओ कॉल केला, मागे सगळा पसारा दिसत होता. म्हणाली, "हे काय मांडलंयस?" सांगितलं. थोडा वेळ बघत बसली, मग म्हणे, "म्हणजे एकाच काठाच्या साड्या, नुसता रंग वेगळा. मग बरोबर आहे की, तुझ्या काकूने तेच केलं आयुष्यभर." बाबा मागून ओरडले, तिळगूळ पाठवलाय पोचला का. नाही पोचला.

१९ जानेवारी, रविवार

आज दिवसभर एक्सेल. प्रत्येक खेळण्यासमोर एक कॉलम असा ठेवलाय की कुठला रंग प्लास्टिकचा आणि कुठला वरून मारलेला. वेळखाऊ काम आहे पण यात डोकं उघडतं, कारण रिपेंट कसा होतो ते यातून कळतं.

स्टीलचा मोल्ड बनवायला प्रचंड खर्च येतो, आणि तो खर्च एका खेळण्यावर क्वचितच सुटतो. म्हणून तोच मोल्ड परत मशीनवर चढवायचा आणि वेगळ्या रंगाचं प्लास्टिक ओतायचं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण सुटे भाग एकेकटे निघत नाहीत, एका जाळीवर, म्हणजे स्प्रूवर, पाच-दहा भाग एकदम निघतात आणि त्या जाळीवरचं सगळं एकाच रंगाचं असतं. मूठ आणि गुडघ्याचं झाकण एका स्प्रूवर असेल तर मूठ काळी केली की गुडघा आपोआप काळा. तो काळा नको असेल तर त्यावर रंग मारायला लागतो, आणि रंगाचा प्रत्येक टप्पा म्हणजे पैसे, त्याचंही बजेट मोजून दिलेलं. एखाद्या रिपेंटमध्ये एखादा भाग विचित्र रंगाचा का, असं आपण करवादतो, तर उत्तर बहुतेक वेळा स्प्रूवर असतं. चांगला डिझायनर मोल्ड बनवतानाच विचार करून ठेवतो, की पुढे यातून अमुक काढायचाय, तर त्याच्या डोक्याला जागा ठेवा, छातीचा तुकडा वेगळ्या स्प्रूवर घ्या.

हे कळल्यावर मी खेळणी उलटी करून बघायला लागलो. सीज लाइनचा (२०१९) डीलक्स आकाराचा एक रोबो घेऊन खिडकीपाशी बसलो, मांडीच्या आतल्या बाजूला रंग मारलेला नाही तिथे मूळ प्लास्टिक दिसतं, आणि तिथला राखाडी बाहेरच्या राखाडीपेक्षा जरासा हिरवट आहे. बाहेरचा राखाडी मारलेला, आतला ओतलेला. कितीतरी महिने शेल्फवर होता, कधी लक्ष गेलं नव्हतं.

२५ जानेवारी

शेल्फचे ब्रॅकेट बसवले. भिंत ड्रायवॉलची, आतले स्टड, म्हणजे उभे लाकडी खांब, शोधायचं यंत्र खोटं बोलतं, शेवटी ठोकून ठोकून आवाजावर शोधले. डीह्युमिडिफायर पण आणला, बेसमेंटची ओल स्टिकरना खाते.

१ फेब्रुवारी, शनिवार

वॉलमार्टची खोकी उघडली. इथे माझी मतं जरा कडक आहेत.

२०२० मध्ये नेटफ्लिक्सवर वॉर फॉर सायबरट्रॉनची सिरीज आली, त्या नावाची खेळणी अमेरिकेत फक्त वॉलमार्टला. मोल्ड सगळे सीज, अर्थराइज, नंतर किंगडम या आधीच्या लाइन्सचे, वर लढाईत मळल्यासारखा रंग, ओरखडे, चंदेरी डाग. कल्पना वाईट नाही, पण हातात दोन एकसारखे घेऊन बघा, डाग सगळ्यांवर त्याच जागी. साहजिक आहे, छाप मारलेला असतो, हाताने कोण मारणार. एक बघितला तर भारी, चार शेजारी ठेवले तर गणवेशावर चिखल छापल्यासारखं. या ओळीत एकच ठेवला, बाकी खोक्यात.

याच्या उलट वेलोसिट्रॉन स्पीडिया ५००, तेही वॉलमार्टचंच, २०२२. त्यातला स्कर्ज. याचं घराणं बघा. १९९५ मध्ये जनरेशन २ लाइनमध्ये लेझर ऑप्टिमस प्राइम आला, टँकर ट्रक. २००० मध्ये जपानमध्ये कार रोबॉट्स लाइनसाठी ताकाराने तोच मोल्ड काळा केला आणि त्याला नाव दिलं ब्लॅक कॉन्वॉय. पुढच्या वर्षी तो अमेरिकेत आला तो स्कर्ज म्हणून, ऑप्टिमसची दुष्ट नक्कल. मग लेगसी लाइनमध्ये लेझर ऑप्टिमस नव्याने घडवला, आणि नव्याने घडवलाय म्हटल्यावर त्याचा काळा भाऊ येणार हे कोणीही सांगितलं असतं. आला, वॉलमार्टला. मोल्ड नवा, पण नातं जुनं तेच. काळ्यावर तो निळसर-हिरवा रंग उजेडात असा उठतो की मूळ लाल ऑप्टिमस शेजारी साधा वाटायला लागतो. हा ओळीच्या मधोमध ठेवणार आहे, क्रम गेला खड्ड्यात.

त्याच कलेक्शनमधला बर्न आउट पण ठेवला, स्किड्सच्या मोल्डचा. डायक्लोनच्या काळातले जे रंग ट्रान्सफॉर्मर्समध्ये कधी आलेच नाहीत त्यांना आता नाव देऊन पात्र बनवतात, ही मला आवडणारी वाट. जपानच्या ई-हॉबी दुकानाने हे आधी केलं, पिवळा साइडस्वाइप म्हणजे टायगरट्रॅक हा त्यांचाच.

९ फेब्रुवारी, रविवार

बाहेर बर्फ, त्यामुळे कुठे जायचा प्रश्नच नाही. डॅटसनची ओळ लावली. मूळ गाडी फेअरलेडी झेड. प्राउल पोलिसांची, ब्लूस्ट्रीक चंदेरी, आणि १९८५ चा स्मोकस्क्रीन रेसिंगचा, दारावर ३८ नंबर. ब्लूस्ट्रीकची जी गोष्ट आहे ती नवीन लोकांना सांगितली की हमखास चक्रावतात. नाव निळं, बॉक्सवरच्या चित्रात निळा, कॅटलॉगमध्येही निळा, आणि आत खेळणं चंदेरी. कारण चित्र बनवताना समोर डायक्लोनचा निळा होता आणि दुकानात गेला तो दुसरा. चाळीस वर्षं लोक "खरा निळा" ट्रान्सफॉर्मर्सच्या सीलबंद बॉक्समधून निघाल्याच्या कहाण्या सांगतात. माझ्याकडे चंदेरी आहे आणि मी सुखी आहे.

खालच्या फळीवर नवीन मोल्डचे तिघं, सीजचा प्राउल, अर्थराइजचा स्मोकस्क्रीन, वगैरे. वर जुने, खाली नवे. ही ओळ बघून पोरगी म्हणाली, "बाबा, हे सेम आहेत आणि सेम नाहीत." तिला मी नोकरीवर ठेवणार आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

चडफड. एका मोठ्या दुकानातून घेतलेला एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त त्याच दुकानात मिळणारा, घरी येऊन उघडला तर आत भलताच रोबो, जुना, एक हात नाही, वर मिळालेलं हत्यार तिसऱ्याच कुणाचं. कोणीतरी नवीन घेतलं, आत भंगार भरलं, परत करून पैसे घेतले, आणि दुकानाने बॉक्स परत शेल्फवर ठेवला. काउंटरवरच्या पोरीने काही न विचारता पैसे परत दिले, तिला पण सवय झालेली दिसली.

याचं मूळ खिडकीत आहे. हॅस्ब्रोने २०१९ मध्ये जाहीर केलं की पॅकिंगमधलं प्लास्टिक काढणार, आणि २०२२ च्या लेगसीपासून बॉक्सला खिडकी नाही, नुसता बंद पुठ्ठा. पर्यावरणासाठी चांगलं, मान्य. पण रिपेंट घेणाऱ्याचं अख्खं आयुष्य रंग बघण्यात जातं. रंग मारायचा मास्क सरकून डोळ्याचा रंग गालावर आलाय का, बोधचिन्ह तिरपं बसलंय का, तीन बॉक्स शेजारी धरून त्यातला बरा निवडायचा. बंद बॉक्सवर छापलेला फोटो सगळीकडे सुंदरच असतो. नंतर त्यांनी खिडक्या परत आणायचं ठरवलं, पण मधल्या काळातले जे एक्सक्लुझिव्ह आहेत ते सगळे बंद पुठ्ठ्यातलेच. तेव्हापासून मी सेकंडहँड घेताना लोकांना म्हणतो, उघडलेलाच द्या.

२२ फेब्रुवारी

टार्गेटच्या कप्प्याची छाननी, लवकर आटपली. बझवर्दी बम्बलबी, २०२१ पासूनची, पिवळ्या-काळ्या बॉक्सची. यात बरीचशी जुनीच खेळणी नव्या बॉक्समध्ये. ज्यांचा खरंच रंग बदलला ते ठेवले, बाकी खोक्यात. टार्गेटचा डीपीसीआय, म्हणजे त्यांचा मालाचा नंबर, ०८७ ने सुरू झाला की खेळण्यांचा विभाग, हे मला अजून पाठ आहे आणि झोपेत विचारलं तरी सांगेन, याचा बायकोच्या वाढदिवसाच्या तारखेशी तुलना करून उल्लेख झाला.

२ मार्च, रविवार

इंग्लिशटाउनच्या फ्ली मार्केटमध्ये एक अल्ट्रा मॅग्नस. ट्रेलर नाही, चिलखत नाही, नुसती पांढरी केबिन. विकणाऱ्या आजोबांना वाटलं हा ऑप्टिमसचा डुप्लिकेट आहे, रंग चुकलेला. एक प्रकारे खरंच बोलले ते. १९८६ चा अल्ट्रा मॅग्नस आतून म्हणजे पांढरा ऑप्टिमसच, डायक्लोनच्या पॉवर्ड कॉन्वॉयचा, त्याला ट्रेलरचं चिलखत चढवलं की मोठा रोबो. पैसे देऊन गप्प बसलो. म्हणजे गप्प नाही बसलो, सांगितलं त्यांना, ते म्हणाले, मग अजून पाच डॉलर द्या. दिले.

पांढरं कुठे राहिलंय म्हणा, चहाच्या कपाच्या आतल्या बाजूसारखं पिवळं झालंय.

८ मार्च, शनिवार

मॅग्नसवर काम. स्क्रू काढून पांढरे भाग वेगळे केले, क्रोमचे आणि स्टिकरवाले बाजूला, धातूच्या भागांना हात लावला नाही. केस रंगवणाऱ्यांच्या दुकानात ४० व्हॉल्यूमचं डेव्हलपर क्रीम मिळतं, त्यात १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. ब्रशने जाड थर लावायचा, वर किचनमधला प्लास्टिक रॅप घट्ट गुंडाळायचा म्हणजे ते वाळत नाही, आणि यूव्ही उजेडात ठेवायचं. मार्चच्या उन्हाचा भरवसा नाही म्हणून यूव्हीचा दिवा बादलीत लावला, आतून बादलीला ॲल्युमिनियम फॉइल. दर तासाला भाग फिरवायचे आणि क्रीम हलवायचं, नाहीतर जिथे बुडबुडा असतो तिथे पट्टा उमटतो आणि तो पट्टा मग जात नाही. हातमोजे घालायचे, पेरॉक्साइड कातडीला लागलं की पांढरे डाग पडतात आणि चुरचुरतं.

संध्याकाळपर्यंत छातीचा तुकडा पांढरा झाला, अगदी दुधासारखा नाही, जुन्या पांढऱ्यासारखा, तेच बरं. हे कायमचं नसतं, काही वर्षांनी परत पिवळं पडू शकतं, एबीएस प्लास्टिकचा स्वभाव. पाठीवर कारखान्याने सोडलेली एक बारीक शिवण आहे, मोल्डचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथली. पिवळेपणात ती दिसतच नव्हती, आता नखाने जाणवते.

सोनेरी प्लास्टिकवाल्यांना मात्र कुठलंच क्रीम उपयोगाचं नाही. जुन्या खेळण्यांमध्ये सोनेरी चकाकी मिसळलेलं जे प्लास्टिक वापरलं ते आपोआप ठिसूळ होत जातं, एक दिवस हातात घेतलं की तुकडे. १९८८ चा जपानी ब्लॅक झराक, स्कॉर्पोनॉकचा रिपेंट, यासाठी कुप्रसिद्ध. तो विकत घ्यायचा विचार पण करत नाही, फोटोत बघायचा.

१० मार्च

डोळ्यांवर झोप, घड्याळ एक तास पुढे गेलंय. फोटोंचं काम. सगळे फोटो एकाच उजेडात, ५००० केल्विनचे दोन दिवे आणि मागे राखाडी कागद. आधीचे फोटो पिवळ्या बल्बखाली काढलेले, त्यात स्कायवार्पचा जांभळा तपकिरी दिसतो. रंगांचा प्रकल्प आणि रंगच खोटे, असं चालणार नाही.

रंबल आणि फ्रेन्झीचं लेबल काय लावायचं यावर पोरीशी वाद. खेळण्यात रंबल लाल आणि फ्रेन्झी निळा. कार्टूनमध्ये उलटं, रंबल निळा. यावर मोठी माणसं गेली चाळीस वर्षं भांडतायत. भिंत खेळण्यांची आहे म्हणून खेळण्यांचं बरोबर धरलं. पोरगी कार्टूनच्या बाजूने आहे. लेबल पेन्सिलने लिहिलंय.

१६ मार्च, रविवार

पुण्यातल्या मित्राचा फोन, तोही याच रोगाने पछाडलेला. "भावा, मेमध्ये येतोयस ना, तो स्कर्ज दुसरा असेल तर बॅगेत टाक." त्याची अडचण खरी आहे. अमेरिकन दुकानाचे एक्सक्लुझिव्ह भारतात दुकानात येतच नाहीत, आणि मागवायचे तर खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकायच्या खेळण्याला बीआयएसचा शिक्का लागतो. मग उरतो मार्ग माझ्यासारख्या भावाच्या बॅगेचा.

बोलता बोलता फनस्कूलवर गाडी आली. आम्ही दोघं सांगलीचे, लहानपणी जी. आय. जो, म्हणजे हॅस्ब्रोचे ते छोटे फौजी, फनस्कूलचेच. १९८७ ची कंपनी, एमआरएफ आणि हॅस्ब्रोची, कारखाने गोव्यात आणि तमिळनाडूत राणीपेटला. हॅस्ब्रोचे जुने मोल्ड भारतात येणार आणि इथे जो रंग सोयीचा त्यात माणूस निघणार. अमेरिकेतल्या मूळ रंगाशी कित्येकदा काही संबंध नाही, हिरव्याच्या जागी निळा, काळ्याच्या जागी केशरी. आम्हाला वाटायचं हेच ओरिजिनल. आता अमेरिकेतले जो-वाले लोक ते भारतीय रंग खास शोधतात आणि बऱ्यापैकी पैसे मोजतात. म्हणजे सांगलीच्या गल्लीत मातीत लोळवलेले ते सगळे एका देशापुरते निघालेले रिपेंट होते, एक्सक्लुझिव्हच म्हणायचे. मित्र म्हणाला, आईने बोहारणीला दिले. माझ्यापण.

भिंतीवर शेवटच्या कप्प्यात फनस्कूलसाठी दोन इंच जागा सोडायची असं ठरवलं. ट्रान्सफॉर्मर नाही, पण या भिंतीत बसतो.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी बाल्कनीत, वाऱ्याने दोनदा पडली. दुपारी श्रीखंड खाऊन खाली आलो, काही काम केलं नाही.

५ एप्रिल, शनिवार

टॉईज आर असचा कप्पा. हा कप्पा लावताना हात जरा जड होतो. सप्टेंबर २०१७ मध्ये दिवाळखोरी, जून २०१८ मध्ये अमेरिकेतली दुकानं बंद. त्यांच्याकडे मास्टरपीस यायचे, ताकारा टोमीचे मोठे, महाग, प्रौढांसाठीचे, हॅस्ब्रोच्या बॉक्समध्ये. त्यातला ॲसिड स्टॉर्म, हिरवा जेट. स्टारस्क्रीमचाच मोल्ड. १९८४ च्या कार्टूनमध्ये ॲसिडचा पाऊस पाडणारे तीन रंगीत जेट दिसतात, नावं पण नव्हती त्यांना. पहिल्याच भागात गर्दीत एक पिवळा-नारिंगी पण आहे, त्याच्यावरून ई-हॉबीने २००३ मध्ये सनस्टॉर्म काढला. ॲनिमेशनवाल्याने गर्दी भरायला ब्रश फिरवला आणि वीस वर्षांनी त्यावर खेळणी निघाली, लोकांनी रांगा लावल्या. हे ज्यांना हास्यास्पद वाटतं त्यांना वाटू दे. मला तो हिरवा जेट या भिंतीवरचा सगळ्यात कमावलेला रिपेंट वाटतो. पडद्यावर चार सेकंद दिसलेला रंग कुणाच्या तरी डोक्यात राहिला होता म्हणून तो निघाला, कुठल्या खरेदी विभागाला गाळा भरायचा होता म्हणून नाही.

दुसरी बाजू पण लिहून ठेवतो. दुकान एक्सक्लुझिव्ह मागतं कारण शेजारच्या दुकानात नसलेलं काहीतरी त्याला हवं, कंपनी देते कारण मोल्डचे पैसे आधीच सुटलेत आणि अख्खी ऑर्डर दुकानाने उचललीय, धोका कमी. २००३ ची युनिव्हर्स लाइन बरीचशी याच गणितावर उभी होती, जुने मोल्ड नव्या रंगात, केबी टॉईज आणि क्लब स्टोअरना वाटून दिलेले. त्यातले काही रंग असे की बघून वाटतं डबा सांडला. या धंद्यात सनस्टॉर्म अपघाताने निघत नाही, कुणीतरी आत बसून भांडलेलं असतं त्यासाठी.

१२ एप्रिल, शनिवार

ऑफिसात सगळीकडे टॅरिफ. चिनी मालावर १४५ टक्क्यांपर्यंत गेलं. पुण्याच्या मित्राने मेसेज टाकला, "वेलकम टू द क्लब", सोबत हसून लोळणारे चेहरे. ग्रुपवर लोक घाबरून जे दिसेल ते उचलतायत. २०२० च्या सुमारास डीलक्स २० डॉलरला होता, तोच २५ वर गेलाय, अजून वर गेला तर रिपेंट कोण घेणार. मी मात्र यावेळी काही उचललं नाही, कारण खोकं भरायचं चाललंय आणि भरताना स्वतःलाच दिसतंय की यातलं अर्धं बॉक्सवरच्या एक्सक्लुझिव्ह या चिकटपट्टीमुळे घेतलं होतं.

विकायच्या खोक्यात काय गेलं: मळलेले नेटफ्लिक्सवाले, जुन्यावर नवा पुठ्ठा चढवलेले बझवर्दीवाले, शॅटर्ड ग्लासचे दोन. शॅटर्ड ग्लासचं जरा दुखलं. २००८ च्या बॉटकॉनमध्ये, म्हणजे चाहत्यांच्या मेळाव्यात, ती कल्पना आली तेव्हा जबरदस्त होती, एरवीचे चांगले ऑटोबॉट दुष्ट आणि एरवीचे दुष्ट डिसेप्टिकॉन चांगले, सगळे रंग उलटे. पण २०२१ पासून पल्सवर, म्हणजे हॅस्ब्रोच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानात, जे आले त्यातले माझ्याकडचे दोन मला नुसते जांभळे वाटतात. एकाने ठेव म्हणून सांगितलं, भाव वाढेल. भाव वाढायला भिंत नाहीये ही.

एक सैल सांधा दुरुस्त केला, पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर बॉलवर, पूर्ण वाळू द्यायचं, मगच जोडायचं. बायकोचं नेलपॉलिश. सांगितलंय तिला.

२० एप्रिल, रविवार

लेबलं छापली, जाड मॅट कागद, देवनागरीत. दुकानातला प्रिंटवाला म्हणाला हे कुठल्या देवाचं आहे. स्टारस्क्रीम, १९८४. थंडरक्रॅकर, १९८४. स्कायवार्प, १९८४. खाली तिघांनाही एकच ओळ, "नुसता रंग". सनस्टॉर्मखाली "नुसता रंग, वीस वर्षांनी". स्मोकस्क्रीनखाली "रंग आणि थोडा मोल्ड". पोरीने रंबलच्या लेबलवर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलंय, राहू दिलं.

२६ एप्रिल, शनिवार

ओळी लागल्या. जेट, डॅटसन, लॅम्बोर्गिनी, ट्रक, आणि एक किरकोळांची. मॅग्नस ट्रकच्या ओळीत ऑप्टिमस आणि स्कर्जच्या मधे, चिलखताशिवाय. ट्रेलर सुटा मिळतो पण त्याच्या किमतीत अख्खा रीइश्यू येतो, त्यामुळे बघू.

काल ज्याने आधी विचारलं होतं पाच वेळा एकच रोबो का, तो आला होता. पाच मिनिटं जेटच्या ओळीसमोर उभा राहिला आणि मग म्हणाला, हा हिरवा विकणार का. नाही म्हटलं. विकायच्या खोक्यातून एक नेटफ्लिक्सवाला घेऊन गेला, पैसे नंतर देतो म्हणून.

बाकी राहिलेलं: लॅम्बोर्गिनीच्या ओळीत रेड अलर्टच्या उजवीकडे एक जागा रिकामी आहे, टायगरट्रॅकसाठी, एकजण जपानहून देतोय पण बॉक्स उघडलेला नाही, त्याला उघडून फोटो पाठव म्हटलंय, तो तयार नाही. मित्रासाठी दुसरा स्कर्ज शोधायचा मेच्या आधी. सगळ्यात खालच्या फळीचा ब्रॅकेट किंचित वाकलाय, स्टडमध्ये बसलेला नाही बहुतेक, उद्या परत ठोकून बघायचं.